सांगलीच्या उन्हाळ्यात गेमिंग कन्सोल थंड कसा ठेवावा

मागच्या एप्रिलात विश्रामबागला बहिणीकडे गेलो होतो. भरदुपारची वेळ, आणि भाचा रडकुंडीला आलेला. "मामा, बघ ना, परत बंद पडला!" कन्सोल शोकेसच्या कप्प्यात, मागे प्लायवूडची सलग पाठ, समोर टेबल फॅन फुल्ल स्पीडवर. वारा भरपूर होता, पण कप्प्यातल्या गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मागून सोडलेली तीच हवा वळसा घालून कन्सोल पुन्हा आत ओढत होता.

पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे पंखा कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते बघा. सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन ५) समोरच्या फटींतून हवा घेतो आणि पाठीमागून सोडतो. उभा ठेवलेला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स वरच्या जाळीतून गरम हवा फेकतो. एक्सबॉक्स सिरीज एसची काळी गोल जाळीही गरम हवेचीच वाट आहे, तिच्यावर रिमोट किंवा गेमचा डबा ठेवू नका. खात्री करायची तर पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी फटीजवळ धरा. जिथे ती चिकटू बघते तिथून हवा आत जाते, जिथे फडफडते तिथून बाहेर. उदबत्तीचा धूरही दिशा दाखवतो, पण तो आत जाऊ देणं मला पटत नाही.

आता कन्सोल शोकेसमधून बाहेर काढा. निम्मं काम इथेच होतं. सोनी भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर अंतर सांगते. मी सरळ एक वीत सोडतो. खाली सतरंजी किंवा गालिचा नको.

कप्प्यातच ठेवणं भाग असेल तर सुताराकडून पाठीच्या प्लायला, वरच्या अंगाला, 120 मिलीमीटर पंख्याच्या मापाचं भोक पाडून घ्या. गरम हवा वर चढते, म्हणून भोक वर. तिथे 5 व्होल्टचा यूएसबी पंखा बाहेर हवा फेकेल असा बसवा. अशा पंख्यांत हवा बहुधा आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असलेल्या बाजूने बाहेर पडते; काहींच्या चौकटीवर बाणही असतो. तो मोबाइलच्या चार्जरवर चालवा. समोरचं काचेचं दार मात्र उघडंच ठेवा, नाहीतर आत यायला हवाच उरणार नाही.

टेबल फॅन वापरायचा तर कन्सोल हवा घेतो त्या बाजूला, तीनेक फुटांवर, थोडा तिरका ठेवा. मागून कधीच लावू नका. बाहेर पडणारी हवा तो परत आत ढकलतो. कूलरचा झोतही थेट नको, पाण्याचे शिंतोडे आत जातात.

झालेल्या कामाची परीक्षा साध्या थर्मामीटरने होते. अर्धा तास खेळल्यावर तो कन्सोलच्या आत हवा जाते तिथे धरा, मग खोलीच्या मध्यभागी. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक आला तर गरम हवा अजून फिरून परत येतेय.

खोलीच तापली असेल तर मात्र हे सगळं अपुरं पडतं. पीएस ५ साठी सांगितलेली मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा त्याच्या वर जातो. स्लॅबखालची खोली तर रात्रीपर्यंत धग सोडत राहते. संध्याकाळी ऊन उतरलं की एका खिडकीत फॅन बाहेर तोंड करून लावा, समोरची खिडकी उघडा, तासभर जाऊ द्या, मग खेळा. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि त्याने ऐकलं याचा मला फार आनंद आहे.

धूळ महिन्यातून एकदा काढा. मार्केट यार्डाच्या बाजूला राहणाऱ्यांनी आणखी लवकर, हळदीची बारीक पूड जाळीत बसते. प्लग काढून, कमी जोरावर व्हॅक्यूम फिरवा. पीएस ५ ची बाजूची पांढरी पाटी निघते, आत धूळ साठण्यासाठीच दोन भोकं ठेवली आहेत. ती साफ करा.

एवढं करूनही गार सकाळी कन्सोल बंद पडत असेल, तर स्वतः स्क्रू खोलू नका. पीएस ५ च्या चिपवर, तिची उष्णता बाहेर नेण्यासाठी, नेहमीच्या पेस्टऐवजी द्रव धातू असतो. तो वीजवाहक आहे, सर्किटवर सांडला तर बोर्ड जातो. सर्व्हिस सेंटरलाच न्या.