मिग-21 च्या किटवरचा रंग टेपसोबत सोलून निघत होता: माझा अनुभव

मिग-21 या लढाऊ विमानाचं, भाग जोडून रंगवायचं प्लास्टिक मॉडेल; 1/72 मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं नवं किट. डबा उघडताच जीव हरखला: पॅनेलच्या रेषा केसाइतक्या बारीक, पंखांचा पसारा जेमतेम 10 सेंमी. फक्त प्लास्टिक बोटाला किंचित तेलकट लागलं. तिकडे मी लक्ष दिलं नाही, आणि खरं कारण तेच होतं.

लक्षण असं: अ‍ॅक्रिलिक रंग वाळून दोन दिवस झाले, तरी मास्किंग टेप (रंग नको तो भाग झाकायची चिकटपट्टी) काढताना पंखावरचा रंग पापुद्र्यासारखा उचलून आला. टेप बदलली, थर पातळ दिले, कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणाला दोष देऊन आठवडाभर थांबलो. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट द्रव प्लास्टिकवर राहतो, त्यावर रंग धरत नाही.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सगळा रंग उतरवला. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून मऊ टूथब्रशनं प्रत्येक भाग घासला, विशेषतः चाकांचे खळगे. पाणी कोमटच हवं, कढत पाण्यानं पंख वाकतात. स्वच्छ पाण्यानं धुऊन रात्रभर फडक्यावर वाळवलं. पुढे हातमोजे घालूनच हाताळलं. प्रायमरचे (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायच्या अस्तराचे) दोन पातळ थर दिले, 24 तास थांबलो, मग रंग. टेप आधी काचेवर चिकटवून तिचा चिकटपणा कमी केला आणि काढताना मागे दुमडत हळू ओढली.

रेघ धारदार आली. पंखावर एक टवकाही उडाला नाही.