‘सीआयडी’चा नवा भाग पाहून मत कसे लिहावे

‘सीआयडी’ ही गुन्ह्यांच्या तपासावरची हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, दीड हजारांहून अधिक भाग दाखवून ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली आणि २१ डिसेंबर २०२४ पासून शनिवार-रविवारी रात्री दहा वाजता पुन्हा दिसू लागली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक भागावर चाहते हिरिरीने मत देत आहेत. पण त्यांतली बहुतेक मते ‘आजचा भाग जबरदस्त होता’ किंवा ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ एवढ्यावरच संपतात. ही वाक्ये मनापासूनची असतात, यात शंका नाही. मात्र ती वाचून भाग न पाहिलेल्याला काही कळत नाही आणि पाहिलेल्याला त्यांच्याशी धड वादही घालता येत नाही. दुसऱ्या चाहत्याने तोच भाग पुन्हा लावावा आणि आपले म्हणणे बरोबर की चूक हे ताडून पाहावे, असे मत मला खरे उपयोगी वाटते. ते लिहिण्याची जी रीत मी मालिका परतल्यापासून बसवत आले आहे, ती येथे सांगते.

तयारी भाग सुरू होण्याआधीच करावी लागते. प्रोमो शक्यतो पाहू नये, कारण त्यात भागातला मोठा धक्का बहुधा आधीच उघड झालेला असतो आणि मग कथेकडे लक्ष राहण्याऐवजी तो धक्का कधी येतो याचीच वाट पाहिली जाते. जवळ एक वही ठेवावी. माझ्या वहीच्या पानावर मी मधोमध उभी रेघ ओढते. डावीकडे पडद्यावर दिसलेली गोष्ट आणि उजवीकडे त्या क्षणी मनात आलेला संशय. भाग चालू असताना लिहीत बसले तर पाहणेच राहून जाते, म्हणून जाहिराती लागल्या की तेवढ्या वेळात एकच ओळ लिहावी: संशय कोणावर आहे आणि कशामुळे आहे. यातला ‘कशामुळे’ कधीही सोडू नये. नुसते ‘पुतण्या’ असे लिहिले आणि शेवटी पुतण्याच खुनी निघाला, तर आपण ओळखले याचा आनंद तेवढा पदरी पडतो. ‘पुतण्या, काकांचे औषध कोणत्या खणात असते हे त्याला न विचारता ठाऊक होते’ असे लिहिलेले असेल, तर पटकथाकाराने सुगावा कोठे पेरला होता आणि तो आपल्याला कितपत दिसला, या दोन्ही गोष्टी त्या एका ओळीत नोंदल्या जातात.

भाग संपल्यावर लगेच मत लिहू नये. आधी पहिली दहा मिनिटे पुन्हा पाहावीत. या पद्धतीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकीचे सोडून एवढे तरी अवश्य करावे. समजा, एका भागात बंगल्याच्या मालकाचा खून होतो आणि शेवटी खुनी डावखुरा असल्यामुळे सापडतो. दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या दहा मिनिटांत तो माणूस डाव्या हाताने चहाचा कप उचलताना दिसला, तर लेखकाने प्रेक्षकाशी सचोटीने व्यवहार केला असे म्हणता येते. तपास पथकाला जे दिसले ते आपल्यालाही दिसले होते, फक्त ते आपल्या ध्यानात राहिले नाही. तो कप कोठेच नसेल आणि डावखुरेपणाची माहिती शेवटच्या पाच मिनिटांत पथकातल्या अभिजीतच्या तोंडून अचानक येत असेल, तर तो भाग कितीही वेगवान असला तरी त्याचे रहस्य कच्चे आहे, आणि हे मत आपण मिनिटासह लिहू शकतो. सुगावा कसा दाखवला हेही पाहावे. या मालिकेत चेहऱ्यावर कॅमेरा झपाट्याने झेपावतो आणि पाठोपाठ संगीताचा ठोका पडतो, ही तिची जुनी सवय आहे. घरातल्या नोकराच्या चेहऱ्यावर तो तीनदा झेपावला की नोकर निर्दोष आहे हे नेहमीचा प्रेक्षक ओळखून असतो. म्हणून ज्या भागात खरा सुगावा संगीताविना, दुसरेच कोणी बोलत असताना कोपऱ्यातून निघून जातो, त्या भागाच्या दिग्दर्शकाला आणि संकलकाला मी मनापासून दाद देते आणि ते दृश्य कोणते हे आवर्जून लिहिते.

तपासाच्या तांत्रिक बाजूवर लिहिताना चाहत्यांची गाडी फार वेळा घसरते, म्हणून येथे जरा थांबावे लागेल. पथकाचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत डीएनएचा निकाल क्षणात लागतो, या गोष्टीला हसणे सोपे आहे. परंतु चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या गोष्टीत काळ आवळून दाखवण्याचा तो संकेत आहे आणि तो आपण १९९८ पासून मान्य केलेला आहे. तसेच मुंबईतल्या खुनाचा तपास प्रत्यक्षात स्थानिक पोलीस ठाणे आणि गुन्हे शाखा करतात आणि राज्य सीआयडीचे, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभागाचे, मुख्यालय पुण्यात आहे, ही माहिती खरी असली तरी तिच्या आधारे एखाद्या भागाला नापास करण्यात अर्थ नाही. मालिकेचे जग तिने स्वतः आखलेले आहे. ज्या चुकीवर कथेचा सांधाच बसलेला असतो, ती चूक मात्र सोडू नये. मृत्यूची वेळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. मृत्यूनंतर शरीर ताठरण्याची क्रिया पापण्या आणि जबडा येथून काही तासांतच जाणवू लागते, साधारण बारा तासांत ती सर्व शरीरात पसरते आणि उष्ण हवेत ती लवकर सुरू होऊन लवकर ओसरते. त्यामुळे कोणताही प्रामाणिक डॉक्टर त्यावरून वेळेचा अंदाज तासांच्या पट्ट्यातच सांगतो. एखाद्या भागात ‘खून बरोबर सव्वादहाला झाला’ असे सांगून संशयिताला ‘तो साडेदहाला दुसरीकडे होता’ म्हणून सोडून दिले, तर दोष प्रयोगशाळेच्या वेगाचा नसून कथानकाचा आहे, कारण सगळी सुटका त्या पंधरा मिनिटांवरच उभी आहे.

कबुलीजबाबाचीही हीच गोष्ट. शेवटच्या प्रसंगात आरोपी पथकासमोर सगळे सांगून टाकतो आणि पथकाचे प्रमुख एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न त्याला फाशीची आठवण करून देतात, हा या मालिकेचा ठरलेला शेवट आहे. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या वस्तूशी जोडलेला माहितीचा भाग तेवढा ग्राह्य धरता येतो. म्हणून मी प्रत्येक भागाला एक साधी कसोटी लावते: कबुलीचा प्रसंग काढून टाकला, तर पथकाच्या हातात काय उरते? हत्यार, बोटांचे ठसे, सीसीटीव्हीचे चित्रण, पंचांसमक्ष जप्त केलेला कपडा, यांपैकी काही उरत असेल तर तपास झाला असे मी मानते. काहीच उरत नसेल तर पथकातल्या दयाच्या एका थपडेने प्रकरण सुटले, असे स्पष्ट लिहिते आणि ते मला खटकते. दयाची थप्पड मला लहानपणापासून प्रिय आहे, तरीही खटकते.

प्रिय असण्याचा हा मुद्दा पात्रांवर लिहिताना अधिकच अवघड होतो. एप्रिल २०२५ मध्ये तिग्मांशू धुलिया यांनी साकारलेल्या खलनायक बार्बोझाच्या कथेत एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला गेला, वाहिनीने त्यांना श्रद्धांजली वाहणारे चित्रही प्रसिद्ध केले आणि त्यांच्या जागी पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आले. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवणाची ताटे उचलली नाहीत. माझी आई प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटम यांना ‘सीआयडी’च्याही आधीपासून, दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस मालिकेपासून ओळखते, बी. पी. सिंग यांच्या त्या मालिकेतूनच पुढच्या एसीपींची वाट तयार झाली, असे ती नेहमी सांगते. मी त्याच रात्री दोन पाने लिहून काढली. सकाळी ती वाचली तेव्हा त्यांत भागाबद्दल एकही वाक्य सापडले नाही. होती ती वाहिनीच्या निर्णयाबद्दलची चीड आणि नव्या नटाबद्दलची अढी. पार्थ समथान यांनी कोणत्या प्रसंगात काय केले, हे मी पाहिलेच नव्हते. पुढे साटम मालिकेत परतले आणि त्या मृत्यूचा अर्थच बदलला.

त्यानंतर मी तीन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहू लागले. मालिकेने घेतलेला निर्णय आपल्याला कसा वाटला, हे एका परिच्छेदात. त्या आठवड्याचा भाग गोष्ट म्हणून कसा होता, हे दुसऱ्यात. आणि नटाचे काम तिसऱ्यात. चीड मुळीच लपवू नये, सत्तावीस वर्षांच्या सोबतीनंतर ती येणारच, पण तिला तिच्या जागी बसवावे. कामाबद्दल लिहिताना ‘छान अभिनय’ हे शब्द टाळून नटाने काय केले ते सांगावे. साटम प्रश्न विचारता विचारता बोटे हवेत फिरवतात हे सगळ्यांना माहीत आहे. एखाद्या प्रसंगात ती बोटे मध्येच थांबतात आणि ते संशयिताकडे नुसते पाहत राहतात, तो क्षण लिहावा. नव्या पर्वाच्या आरंभी अभिजीत आणि दया यांच्यात वैर दाखवले गेले, तेव्हा ‘हे दोघे असे वागूच शकत नाहीत’ असा सूर अनेकांनी लावला. त्याऐवजी त्या वैराचा तपासावर काय परिणाम झाला, एकाला सापडलेला धागा दुसऱ्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला का, हे तपासले असते तर ते वैर कथेत मुरले आहे की वरून चिकटवले आहे, याचे उत्तर मिळाले असते.

जुन्या भागांशी तुलना करायची असेल तर ती रीतसर करावी. वीस वर्षांतले निवडक पंधरा-वीस भागच आपल्या लक्षात राहिलेले असतात आणि आपण नकळत या आठवड्याच्या भागाला त्या निवडक भागांसमोर उभे करतो. २००४ मध्ये लोणावळ्यात एकाच शॉटमध्ये, कोठेही कट न घेता चित्रित झालेला १११ मिनिटांचा भाग हा विक्रम होता. दर शनिवारच्या भागाला तो मापदंड लावणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा त्याच प्रकारच्या गुन्ह्याचा, म्हणजे बंद खोलीतला खून असेल तर बंद खोलीतलाच, एक साधासा जुना भाग काढून त्याच आठवड्यात पाहावा आणि मग दोहोंबद्दल लिहावे. आरंभीच्या काळात अनेक प्रकरणे दोन-दोन भाग चालत, त्यामुळे संशयितांना बोलायला अधिक वेळ मिळे, हा फरकही तुलनेत धरावा. पथकातल्या विनोदी फ्रेडरिक्सची उणीव जाणवते असे मी दर महिन्याला एकदा तरी लिहिते. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले आणि त्यांच्या वाट्याचे हसू दुसऱ्या कोणाला आणता येणार नाही. ही खंत लिहावी, मात्र तिचे गुण नव्या लेखकांच्या खात्यातून वजा करू नयेत.

प्रत्यक्ष लिहिताना पहिल्याच वाक्यात निकाल द्यावा आणि दुसऱ्या वाक्यात त्याचे कारण दाखवावे. उदाहरणार्थ: ‘शनिवारचा भाग मला अर्धाच पटला. हॉटेलच्या खोलीची चावी बदलल्याचे आठव्या मिनिटाला दिसते आणि त्यावरून केलेला तर्क चोख आहे, परंतु खुन्याचा हेतू शेवटच्या कबुलीपर्यंत कोठेच सूचित होत नाही. बहिणीच्या फोटोवर एक नजर टाकलेली दाखवली असती तरी पुरे झाले असते.’ एवढ्या मजकुरात कौतुक, तक्रार आणि सुधारणा तिन्ही आली आणि वाचणाऱ्याला आठवे मिनिट लावून पाहता येते. अनेक जण भाग नंतर सोयीने ॲपवर पाहतात, विशेषतः परदेशात राहणारे आपले लोक. त्यामुळे खुन्याचे नाव पहिल्या काही ओळींत येऊ देऊ नये आणि ते कोठून पुढे येणार आहे याची सूचना आधी द्यावी. भागाची तारीख लिहावी, श्रेयनामावली थांबवून लेखक-दिग्दर्शकांची नावे तपासून घ्यावीत, आणि मजकूर रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाचावा. मी सकाळी प्रथम ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द कोठे आला आहे ते शोधते, कारण तो जेथे येतो तेथे मी पाहायचे थांबले होते असे मला पुष्कळदा आढळले आहे. तेवढा प्रसंग पुन्हा लावते आणि ते वाक्य नव्याने लिहिते.