रद्दीचा वाडगा, डब्याचा कंदील

टाकाऊपासून केलेली वस्तू सुबक झाली की ओबडधोबड, हे मी आधी तिच्या कडांवरून ठरवते. वाडग्याचा काठ, फोटो फ्रेमचे कोपरे, बाटलीच्या तोंडाचे आटे. रंग कितीही सुंदर असू दे, कड तशीच सोडली की नजर तिथेच अडकते. म्हणून खाली सांगितलेल्या कामात रंगरंगोटी थोडी आणि तयारी जास्त आहे.

सुरुवात रद्दीच्या वाडग्यापासून करा. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. वर्तमानपत्र, मैदा आणि पाणी एवढ्यावर भागतं, आणि तयार वाडगा हातात घेतला तर तो कागदाचा आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. किल्ल्या, सुटे पैसे, केसांच्या पिना यांना हक्काची जागा मिळते.

आधी खळ करायची. एक वाटी मैद्यात एक वाटी गार पाणी घालून सगळ्या गुठळ्या मोडा. मग चार वाट्या उकळतं पाणी ओतत ढवळत राहा आणि मंद आचेवर ठेवा. दुधाळ पाणी दाट होऊन किंचित पारदर्शक दिसू लागतं आणि चमचा जड फिरतो, तेव्हा उतरवा. गार झाल्यावर दोन चमचे फेविकॉल मिसळलात तर पकड चांगली येते. उरलेली खळ फ्रीजमध्ये ठेवा, पण आंबूस वास आला की मोह न करता टाकून द्या. तिला धरलेली बुरशी पुढे वाडग्यातही उतरते.

कागद कात्रीने कापू नका, फाडा. कापलेली कड धारदार असते, ती रंगाखालूनही रेघेसारखी उठून दिसते. फाडलेल्या कडेला बारीक तंतू सुटलेले असतात, ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, कारण कागद बनताना बहुतेक तंतू यंत्र धावतं त्या दिशेने लागतात. ती दिशा सापडली की दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या भराभर निघतात.

साचा म्हणून घरातलाच एक स्टीलचा वाडगा पालथा घाला आणि बाहेरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्या, म्हणजे वाडगा नंतर सहज सुटतो. दुसऱ्या थरापासून खळ वापरा. पट्टी बुडवली की चिमटीतून ओढून जादा खळ काढून टाका आणि चिकटवल्यावर अंगठ्याने मधून बाहेर दाबत हवा घालवा. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्याचा, असं केलंत तर कुठली जागा राहिली ते लगेच दिसतं. एका बैठकीत तीनच थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुढचे. सहा ते आठ थरांत वाडगा चांगला दणकट होतो.

वाळवताना घाई नको. कडक उन्हात बाहेरची बाजू आधी आकसते आणि वाडगा वाकडा होतो. सावलीत, वारा लागेल असा ठेवा. वाळला असं वाटलं की गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. बोटांना ही ओल कळत नाही, गालाला कळते.

आता काठ. साच्यातून काढल्यावर वेडावाकडा भाग कात्रीने कापून सरळ करा. इथे मात्र कात्रीच हवी. मग बोटभर लांबीच्या अरुंद पट्ट्या काठावरून अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा चिकटवत जा, कपड्याला गोट लावतात तशा. हे काम कंटाळवाणं आहे, पण वाडगा घडतो तो इथेच. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, मग हवा तो रंग द्या आणि शेवटी आतून-बाहेरून वार्निशचे दोन हात द्या. रंग एक, फार तर दोन. चमकी, टिकल्या, आरसे सगळं एकाच वाडग्यावर आलं की त्याचा आकारच हरवतो. यात खाण्याची किंवा ओली वस्तू मात्र ठेवू नका.

सुतळी गुंडाळलेली बाटली सोपी आहे. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. चिकटपणा राहिला तर खाण्याचा सोडा आणि तेल कालवून चोळा, मग साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. काचेवर तेलाचा अंशही राहिला तर फेविकॉल धरत नाही. सुतळीचं टोक उभं चिकटवा, पुढचे वेढे त्यावरूनच जाऊ द्या, म्हणजे टोक दडतं. शेवटचं टोक दाभणाने वेढ्यांखाली सारा. आटे पूर्ण झाकले जातील इतकं वरपर्यंत जा.

फोटो फ्रेमसाठी खोक्याचे दोन पुठ्ठे घ्या. एकाच्या आतल्या नाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून चिकटवा. मग फ्रेम सहज वाकत नाही.

आता कंदील. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला नुसतेच खिळे ठोकले तर तो चेपतो. म्हणून त्यात पाणी भरा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडा आणि फ्रीझरमध्ये गोठवा. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्यासाठी ही जागा. आत बर्फाचा आधार असला की खिळा नेमका बसतो आणि पत्रा जागचा हलत नाही. कागदावर ठिपक्यांची नक्षी काढून तो डब्याला चिकटवा, डबा घडी घातलेल्या जाड टॉवेलवर आडवा ठेवा आणि ठोका. बर्फ वितळला की लगेच पुसून कोरडा करा, नाहीतर भोकांच्या कडांना गंज धरतो. भोकांची आतली बाजू बोचते, तेव्हा पुसताना हातमोजे घाला.

मेणबत्ती काचेच्या लहान पेल्यात ठेवून मगच डब्यात ठेवा. पत्रा चांगलाच तापतो, त्यामुळे कंदील फरशीवर किंवा ताटलीवर ठेवा, पडद्यापासून लांब, आणि सुतळीच्या बाटलीत किंवा कागदाच्या वाडग्यात मेणबत्ती कधीच लावू नका. त्यात प्रकाश हवाच असेल तर सेलवरचे छोटे एलईडी दिवे चालतात.