संगणकाचा तास घ्यायला शाळेत जाताना

आपल्याला शिकवणे जमेल का आणि आवडेल का, हे बी.एड.ला प्रवेश घेतल्यावर कळण्यापेक्षा बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. करतानाच जवळच्या जिल्हा परिषदेच्या अथवा नगरपालिकेच्या शाळेत आठवड्याला दोन तासिका घेऊन कळलेले फार बरे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात समुदाय सहभागाच्या प्रकल्पालाही श्रेयांक आहेत. शाळेतील तास यांपैकी कशात धरता येतील, हे कार्यक्रम अधिकारी किंवा विभागप्रमुख यांना आधीच विचारून घ्यावे.

महाविद्यालयाचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे आणि लेखी परवानगी घ्यावी. शाळा उघडल्यावरचे पहिले काही दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात, पुढे दिवाळीआधी सत्र परीक्षा येते. म्हणून जुलै ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा.

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नये. मागच्या बाकावर बसून वर्गशिक्षकांचे तास पाहावेत: गलबला झाला की ते काय करतात, उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुले कोणती, याची नोंद ठेवावी. त्याच आठवड्यात प्रत्येक संगणक स्वतः सुरू करून पाहावा, कारण यादीत दहा यंत्रे असली तरी चारच चालू स्थितीत असणे, हे मी अनेकदा पाहिले आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिला तास संगणकाविनाच घ्यावा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली ही पद्धत वीज नसलेल्या वर्गातही चालते. जुन्या पुठ्ठ्याची पाच कार्डे करून त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ असे ठळक ठिपके काढावेत आणि पाच मुलांना ती घेऊन वर्गासमोर ओळीने उभे करावे. वर्गाच्या डावीकडे १६चे कार्ड यावे. सुरुवातीला कार्डे पालथी ठेवून उजवीकडून एकेक उलटत जावे आणि चार ठिपके दिसल्यावर थांबून पुढच्या कार्डावर किती असतील ते विचारावे. ‘दुप्पट’ हा शब्द मुलांच्या तोंडून यावा. आपण तो उच्चारू नये. मग १३ दाखवायला सांगावे: ८, ४ आणि १ उघडे, बाकीची पालथी. उघड्या कार्डाला १ आणि पालथ्याला ० म्हटले की फळ्यावर ०११०१ उमटते आणि द्विमान पद्धतीची व्याख्या सांगण्याआधीच मुलांना ती वापरता येते. पाचही कार्डे उघडली की बेरीज ३१ होते, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाच्या जन्माची तारीख या पाच कार्डांत बसते. आपला दिवस दाखवायला मुले अक्षरशः रांग लावतात.

प्रत्येक तासाचे टाचण, म्हणजे पाठाची आखणी, काढावे, पण ते एका पानाचे असावे: आज मुलांना काय करता आले पाहिजे, त्यासाठी कोणते तीन प्रश्न विचारायचे आणि वीज गेली तर काय करायचे. पस्तीस मिनिटांत एकच संकल्पना नीट होते. आम्ही महाविद्यालयात ज्या वेगाने व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन उरकतो, तो वेग सातवीच्या वर्गात नेल्यास मुले माना डोलावतात आणि घरी जाताना सारे विसरलेली असतात.

स्क्रॅचवर, म्हणजे ठोकळे जोडून पडद्यावरचे मांजर हलवायला शिकवणाऱ्या मुलांच्या प्रोग्रामिंग भाषेत, काम सुरू झाल्यावर एक नियम कटाक्षाने पाळावा: मुलाच्या हातातला माउस घ्यायचा नाही. चूक दिसताच ती दुरुस्त करण्याचा मोह अनावर होतो, पण त्याऐवजी ‘मांजर इथे का थांबलं असेल, सांग बघू’ असे विचारून शांतपणे वाट पाहावी. एका यंत्रावर तीन मुले असतील तर दर पाच मिनिटांनी जागा बदलायला लावावी, अन्यथा धीट मुलगाच तासभर माउस धरून बसतो आणि मुली बघत राहतात.

वर्गात शिक्षक उपस्थित नसताना एकट्याने थांबू नये, मुलांचे दूरध्वनी क्रमांक घेऊ नयेत आणि परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

तास संपल्यावर वर्गशिक्षकांकडून दोन ओळींचा अभिप्राय वहीत लिहून घ्यावा. त्यातली प्रतिकूल ओळ पुढच्या टाचणाच्या शिरोभागी उतरवावी. सत्राच्या शेवटी कार्डांचा संच आणि टाचणांची वही शाळेतच ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी विद्यार्थी आला नाही तरी शिक्षकांना हे तास घेता येतील.