नागपूरच्या उन्हाळ्यात पॅराशूटची निगा आणि टँडम उडीचे चित्रीकरण

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा पॅराशूटची बॅग गाडीच्या डिकीत ठेवून कधीही जाऊ नये. पॅराशूटचे नायलॉन कापड उन्हातील अतिनील किरणांनी कमकुवत होते, म्हणून घडीही सावलीतच घालावी. आपल्याकडे घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात. त्या ओलसर खोलीतही बॅग ठेवू नये, कारण दमट कापडाला बुरशी धरते.

महिन्यातून एकदा थ्री-रिंगची, म्हणजे मुख्य पॅराशूटचे पट्टे अंगावरच्या हार्नेसला जोडणाऱ्या तीन कड्यांची, जोडणी सोडवून पट्टे बोटांनी सगळीकडून वाकवावेत. बराच काळ एकाच स्थितीत राहिलेला पट्टा ताठरतो आणि मुख्य पॅराशूट सोडून देण्याची वेळ आली, तर कड्या सुटायला उशीर लागतो. तो क्षणभराचा उशीरही परवडणारा नसतो. बॅग बंद करणारा दोरीचा फास विसविशीत दिसताच बदलावा. राखीव पॅराशूटला मात्र स्वतः हात लावू नये. ते काम परवानाधारक रिगरचेच, म्हणजे पॅराशूटची घडी आणि दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाचेच आहे.

टँडम उडीत प्रशिक्षक आणि प्रवासी एकत्र बांधलेले असतात. ड्रोगमुळे, म्हणजे त्यांच्या वर तरंगणाऱ्या छोट्या पॅराशूटमुळे, त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास राहतो. चित्रीकरण करणाऱ्याने जोडीच्या थेट वर किंवा खाली कधीही जाऊ नये, कारण वर ड्रोग असतो आणि कोणाचेही पॅराशूट वरच उघडते. हेल्मेटवरील कॅमेऱ्याला दोरी अडकेल असा एकही कोपरा नसावा. 10,000 फुटांवर हवा जमिनीपेक्षा साधारण 20 अंशांनी थंड असते, म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज केलेलीच घ्यावी.