सर्व्हिसिंगनंतर गाडी थरथरतेय? नेमकं कारण कसं शोधायचं

सर्व्हिसिंगला देताना गाडी ठीक होती, घेऊन आल्यावर मात्र ऐंशीच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायला लागतं, परत दाखवायला नेली की "आम्ही चालवून बघितली, काही जाणवलं नाही" हे ऐकून तशीच घरी आणायची, मग कोणी म्हणतं टायर बदला, कोणी म्हणतं सस्पेन्शन गेलं, कोणी म्हणतं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार). हे असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. यासाठी कुठलं मशीन लागत नाही, एक मोकळा सरळ रस्ता, चाकाचा पाना, टॉर्च आणि सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड, बास.

डोक्यात एकच गोष्ट ठेवायची. थरथर कुणाच्या तरी तालावर चालते, चाकांच्या, इंजिनाच्या नाहीतर ब्रेकच्या. तो ताल सापडला की अर्धं काम झालं, आणि तो सापडेपर्यंत कुठलाही पार्ट बदलायला हो म्हणायचं नाही, कितीही खात्रीने कोणी सांगितलं तरी.

पायरी १: आधी चाकाचे नट

टेस्ट ड्राइव्ह वगैरे सगळं नंतर. सर्व्हिसिंगमध्ये चाकं निघाली असतील (ब्रेक साफ करायला, रोटेशनला म्हणजे चाकांच्या जागा बदलायला, बॅलन्सिंगला म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला, बहुतेक वेळा निघतातच) तर चारही चाकांचे सगळे नट पाना लावून तपासा, गाडी जमिनीवर उभी असतानाच. एखादा नट सहज फिरला तर बाकीचेही संशयित धरायचे. आवळताना गोल क्रमाने जायचं नाही, एक झाला की त्याच्या समोरचा, म्हणजे चाक हबवर (ज्याला चाक नटांनी आवळतात तो फिरणारा भाग) सरळ बसतं. किती आवळायचं याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांना तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण आपल्या गाडीचाच बघा, आणि टॉर्क रेंच मिळाला तर उत्तमच. पाय देऊन पान्यावर उभं राहायचं नाही, जास्त आवळल्याने बोल्ट ताणला जातो आणि कमी-जास्त आवळल्याने आतली ब्रेकची डिस्कसुद्धा वाकडी दबते, ते दुखणं पुढे काही हजार किलोमीटरनंतर ब्रेकमध्ये निघतं.

थरथर रोज वाढत चाललीय, खालून टकटक येतेय, टायरला कुठे फुगवटा दिसतोय किंवा चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकतोय, यातलं काही असेल तर पुढच्या पायऱ्या करायला गाडी रस्त्यावर काढायची नाही. मेकॅनिकला बोलवा नाहीतर टो करून न्या.

पायरी २: ताल ओळखायचा

नट ठीक असतील तर टायरची हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, टायर थंड असताना. सर्व्हिसिंगमध्ये सगळ्या गाड्यांना एकच हवा ठोकून दिलेली असणं काही नवीन नाही, आणि हवा जास्त असली की रस्त्याचा प्रत्येक खडा जाणवतो आणि लोक त्यालाच व्हायब्रेशन म्हणतात. गाडी बरेच दिवस उभी होती तर टायर खालून थोडे चपटे झालेले असतात, ते गरम झाले की आपोआप ठीक होतात, म्हणून पहिले काही किलोमीटर मोजायचेच नाहीत.

मग शेजारी कोणाला तरी बसवा, तो लिहील तुम्ही चालवा. लिहायचं काय तर थरथर किती स्पीडला सुरू होते, कितीला सगळ्यात जास्त असते, त्यापुढे कमी होते का, आणि कुठे जाणवते, हातात की सीटखाली. हातात म्हणजे साधारण पुढची चाकं, सीट आणि फ्लोअरला म्हणजे मागची, हा काही पक्का नियम नाही पण सुरुवात इथूनच करायची.

आता खरी चाचणी. समजा ८० ला थरथर येते. तोच ८० चा स्पीड ठेवून एक गिअर खाली-वर करून बघा, म्हणजे चाकं तेवढीच फिरतात पण इंजिनाचे आरपीएम बदलतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर चाकांच्या बाजूचं काम आहे, बदलली किंवा गायब झाली तर इंजिनाकडे बघायचं. मॅन्युअल गाडीत रस्ता पूर्ण मोकळा असेल तर दोन-चार सेकंद न्यूट्रल करूनही हेच कळतं, फक्त इंजिन बंद करायचं नाही कारण मग ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतात. ऑटोमॅटिकवाल्यांनी चालत्या गाडीत न्यूट्रलच्या भानगडीत पडू नये, गाडी उभी करून, गिअर पी (पार्किंग) ला ठेवून हळूहळू रेस द्यावी आणि त्याच आरपीएमला तशीच थरथर येते का ते बघावं.

तिसरं, ब्रेक. पायाने हलका ब्रेक दाबल्यावरच थरथर येते आणि सोडला की जाते, तर प्रश्न सुटला, थेट ब्रेकच्या पायरीवर जा. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली कटकट करत असेल तर ते एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तो दोष नाही.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी एक गंमत. १८५/६५ आर १५ हा टायर एका फेरीत साधारण १.९५ मीटर जातो, म्हणजे १०० च्या स्पीडला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन २,४०० आरपीएमला असेल तर ते सेकंदाला ४० वेळा फिरतंय. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं ॲप टाकून फोन दोन सीटच्या मध्ये घट्ट बसवला आणि १४ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १४ वेळा) टोक दिसलं तर ते चाक आहे, भांडायला जागाच उरत नाही. वर्कशॉपमध्ये हा स्क्रीनशॉट दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो असा अनुभव आहे.

पायरी ३: जॉब कार्ड समोर ठेवून बघा

सर्व्हिसिंगच्या आधी थरथर नव्हती आणि नंतर आली, तर ज्याला हात लागला तिथूनच सुरुवात करायची, हे इतकं उघड असूनही जॉब कार्ड कोणी वाचतच नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याने सहसा गाडी थरथरत नाही. चाकं निघाली, ब्रेक उघडले, प्लग काढले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, खालचं कव्हर काढून लावलं, टायमिंग बेल्ट बदलताना माउंटिंग सोडवलं, या ओळी पेनाने अधोरेखित करा आणि वरच्या चाचणीत जो ताल निघाला त्याच्याशी जुळवा.

पायरी ४: ताल चाकांचा असेल तर

सगळ्यात जास्त केसेस इथेच निघतात म्हणून इथे जरा थांबू.

आतल्या बाजूने टॉर्च मारून रिम बघा. बॅलन्सिंगचं वजन चिकटवलेलं असेल तर एखादं पडून तिथे फक्त गोंदाचा चौकोनी डाग राहिलेला दिसतो, स्वच्छ, बाकी रिम मळकी आणि तेवढाच भाग चकचकीत. प्रेशर वॉशने सुद्धा वजनं उडतात. २० ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १५ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असला तर १०० च्या स्पीडला तो चाकाला तीन किलोच्या आसपास जोराने ओढतो, आणि तेही सेकंदाला १४ वेळा. स्पीड वाढला की हा जोर वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून पन्नासला काही नसतं आणि नव्वदला स्टेअरिंग नाचतं. रिममध्ये वाळलेला चिखल अडकला असला तरी हेच होतं, तो आधी खरवडून काढा, फुकटचं काम आहे.

बॅलन्सिंग कालच केलंय आणि तरीही थरथर आहे, असं असेल तर दोन शक्यता. एक, मशीनवर चाक नीट मध्यावर बसवलं नव्हतं, त्यामुळे स्क्रीनवर शून्य आलं पण गाडीवर शून्य नाही. खात्री करायला तेच चाक मशीनवर सोडवून थोडं फिरवून परत लावायला सांगा, आकडा शून्याजवळच राहिला पाहिजे, एकदम १५-२० ग्रॅम दाखवलं तर पहिलं बॅलन्सिंग चुकलेलंच होतं. दोन, चाक आणि हबच्या मध्ये गंज किंवा माती अडकलीय, चाक केसभर तिरकं बसलंय. चाक काढून हबचा सपाट भाग वायर ब्रशने साफ करायचा आणि परत लावायचं. बाहेरून घेतलेली ॲलॉय असतील तर मधल्या भोकात एक रिंग असते, ती सर्व्हिसिंगमध्ये चाक काढताना पडून कुठेतरी राहिली का हेही बघा, कारण तिच्याशिवाय चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर बसतं.

आता रोटेशन. मागचे टायर पुढे आले की मागे असताना कधी न जाणवलेला खराब टायर आता थेट हातात बोलतो, म्हणजे सर्व्हिसिंगने काही बिघडवलेलं नसतं, जुनं दुखणं फक्त पुढे आलेलं असतं. टायरवरून तळहात दोन्ही दिशांना हलकेच फिरवा (तार बाहेर आलीय का ते आधी डोळ्यांनी बघून), एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर असमान झिजलाय. तीस-चाळीसच्या हळू स्पीडला गाडी डावी-उजवीकडे डुलत असेल तर टायरच्या आतले पट्टे सुटलेले असू शकतात, तो टायर लगेच काढायचा, बॅलन्सिंगने तो सुधारत नाही.

नक्की कुठलं चाक हे कळत नसेल तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाकून परत चालवा (टायरवर दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेवा, आणि पुढे-मागे वेगळ्या साइझचे टायर असतील तर हे करू नका). थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकातच आहे. जागेवरच राहिली तर हब, बेअरिंग, एक्सेल यांच्याकडे जायचं. जॅक लावताना सपाट जमीन, हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं? थरथरीची तक्रार घेऊन गेलं की सगळ्यात आधी अलाइनमेंटच करून देतात. अलाइनमेंट चुकलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खाते, पण चांगल्या टायरची गाडी त्याने थरथरत नाही. त्यामुळे "अलाइनमेंट करून दिलंय" हे या तक्रारीचं उत्तर होत नाही.

पायरी ५: ताल ब्रेकचा असेल तर

नवे पॅड टाकलेत आणि हलकी घरघर आहे, तर आधी पॅड बसू द्या. रिकाम्या रस्त्यावर साठवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं आणि गरम असताना ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. तरीही स्टेअरिंग हलतंय तर डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही किंवा ती हबवर सरळ बसलेली नाही. इथे केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकही पुरतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून "डिस्क ठीक आहे" म्हणणाऱ्याला डायल गेज (बारीक फरक मोजायचं साधन) लावायला सांगा.

ब्रेक न दाबताही गाडी जड वाटते, थरथरते, तर थोडं चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, स्पर्श न करता. एकच चाक भाजत असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय, बहुतेक पिना ग्रीस न करताच बसवल्यात.

पायरी ६: ताल इंजिनाचा असेल तर

बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, जाड पाइप दोन्ही टोकांना पूर्ण आत गेलाय का, एखादी बारीक रबरी नळी लोंबकळतेय का, कॉइलचे (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या) कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत बसलेत का. प्लग बदलल्यानंतर गाडी उभ्या उभ्या हिसके देत असेल तर एका सिलिंडरचं मिसफायर आहे, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट जळत नाही, स्कॅनरला पी०३०१, पी०३०२ असे कोड येतात आणि शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो. दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, मग पन्नास पैशाच्या क्लिपसाठी मोठा खर्च. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल किंवा बॅटरीची वायर काढली असेल तर आयडल (गाडी उभी असतानाचे आरपीएम) परत सेट व्हायला थोडं चालवावं लागतं, काही गाड्यांना ते स्कॅनरवरून शिकवावं लागतं.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून डी मध्ये थरथर आणि एन मध्ये शांत, तर माउंटिंगकडे संशय. ते सर्व्हिसिंगमध्ये सोडवलं होतं तर बदलायच्या आधी त्याचे बोल्ट ढिले करून, इंजिन आपल्या जागी बसू देऊन परत आवळायला सांगा, कारण पीळ पडलेल्या स्थितीत आवळलेलं नवं माउंटिंगसुद्धा अख्खी गाडी हलवतं. एका ठराविक आरपीएमलाच झुंझुं असा पत्र्यासारखा आवाज येत असेल तर खालचं कव्हर कुठेतरी घासतंय. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जरा जास्त हलतं, तेव्हा तुलना स्वतःच्या गाडीच्या आधीच्या वागण्याशीच करा.

एक्सिलेटर दाबल्यावरच थरथर आणि पाय काढला की एकदम गप्प, तर एक्सेलचा आतला जॉइंट. रबरी बूट फाटून रिममागे ग्रीस उडालंय का बघा.

पायरी ७: परत वर्कशॉपमध्ये

"गाडी व्हायब्रेट होतेय" एवढंच सांगितलं की तेवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: "८० ते १०० मध्ये स्टेअरिंग थरथरतं, गिअर बदलून फरक नाही, ब्रेकवर वाढत नाही, चाकं पुढेमागे केली तर थरथर मागे गेली." हे वाक्य जॉब कार्डवर तसंच्या तसं लिहून घ्या, मेकॅनिकला बाजूला बसवा, स्टेअरिंग तुमच्याकडे ठेवा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला गाडी न्या, कारण वर्कशॉपच्या गल्लीत चाळीसच्या वर स्पीड जातच नाही. काम झाल्यावरही सोबत तशीच चक्कर मारून मगच सही करा, आणि चाकं परत निघाली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासा.