टेक्ससमध्ये गवत वाढलं आणि नोटीस आली? या चुका टाळा

डॅलसमध्ये गवत किंवा तण 12 इंचांच्या वर गेलं की शहराचा नियम मोडतो. ह्यूस्टनमध्ये मर्यादा 9 इंचांचीच. मे-जूनमध्ये पाऊस पडतो, ऊन तापतं आणि नेमकं तेव्हाच घरातली मंडळी महिनाभरासाठी भारतात सुट्टीवर गेलेली असतात.

समोरचं लॉन कापलं की झालं, ही पहिली चूक. लॉन 3 इंचांवर असतं, पण कुंपणालगत, एसीच्या युनिटमागे किंवा मागच्या गल्लीच्या कडेला जॉन्सन ग्रास नावाचं उंच तण कमरेएवढं झालेलं असतं. फुटपाथ आणि रस्ता यांमधली पट्टी शहराची वाटते, पण ती राखायची सहसा घरमालकानेच.

महागात पडते ती नोटिशीकडे दुर्लक्ष करण्याची चूक. राज्याच्या कायद्याप्रमाणे नोटिशीनंतर 7 दिवसांत गवत कापलं नाही, तर शहर आपली माणसं लावून ते कापून घेऊ शकतं. खर्च मालकाच्या माथी. शहराने काउंटी क्लार्ककडे (काउंटीच्या नोंदी ठेवणारा अधिकारी) नोंद केली की घरावर बोजा चढतो, वर वर्षाला 10 टक्के व्याज. नोटिशीचं पत्र जातं ते अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी घराची किंमत ठरवणारं कार्यालय) नोंदलेल्या पत्त्यावर. घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. पत्र कुणी न घेता परत गेलं, तरी नोटीस बजावली गेली असंच धरतात. नोटीस शेवटपर्यंत वाचा: वर्षभरात पुन्हा गवत वाढलं तर नव्याने न कळवता कापू, असं त्यात लिहिलेलं असू शकतं, आणि तसं करायची मुभा शहराला कायद्याने आहे.

घाबरून बुडापासून कापू नका

शहराला गवत फक्त मर्यादेच्या आत हवं असतं. गालिचा कुणी मागत नाही. आधी स्ट्रिंग ट्रिमरने (फिरत्या दोरीने गवत कापणारं यंत्र) 6 इंचांपर्यंत आणा, कापलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा. मग मॉवर सगळ्यात वरच्या खाचेवर, साधारण 4 इंचांवर, ठेवून फिरवा. त्यापुढे चार-पाच दिवसांच्या अंतराने, दर वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. सेंट ऑगस्टीन जातीचं लॉन 2.5 इंचांच्या खाली नेऊच नका: त्याचे धावते कोंब जमिनीवरच असतात, ते कापले गेले की टक्कल पडतं. बर्म्युडा गवताची खोडं जमिनीखालीही असतात, म्हणून ते सावरतं. ओल्या गवतात मॉवर अडकतो. दुपारी उशिरा कापा. कापलेलं गवत ब्लोअरने रस्त्यावर ढकलू नका, पावसाळी गटार तुंबतं.

एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) पत्र आलं असेल तर ते प्रकरण वेगळं. त्यांची मर्यादा शहराहून कडक असू शकते. सुनावणी हवी असेल तर पत्र टपालात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी मागा. कमी पाण्याची झाडं लावायला एचओए सरसकट बंदी घालू शकत नाही. आराखडा मात्र आधी मंजूर करून घ्यायला सांगू शकते.

काम झालं की चारही बाजूंचे तारखेसह फोटो काढा आणि नोटिशीवरचा केस नंबर देऊन 311 या शहराच्या मदत क्रमांकावर कळवा.